वीज जमिनीत उतरवणारा छापखानेवाला

मराठीत एक गंमत आहे. आभाळात कडाडते तीही वीज, आणि मीटरमधून घरात येते, जिचं बिल आपण दर महिन्याला भरतो, तीही वीजच. दोन्ही एकच, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत तसं नाही. तिथे दोन्हींना अगदी निराळे शब्द आहेत, आणि पावणेतीनशे वर्षांपूर्वीपर्यंत त्या दोन निराळ्या गोष्टीच समजल्या जात. काच कापडावर घासली की उडणारी बारीक ठिणगी म्हणजे दिवाणखान्यातला खेळ, आणि ढगातली वीज म्हणजे देवाचा कोप. या दोन्ही एकच आहेत हे तपासून पाहायची रीत ज्यानं सांगितली, आणि एवढ्यावर न थांबता ती वीज घराला धक्का न लावता जमिनीत कशी सोडायची हेही ज्यानं सांगितलं, तो बेंजामिन फ्रँकलिन.

आपल्या बी विंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर जी टोकदार सळई उभी आहे, ती त्याचीच. शाळेच्या पुस्तकात तिला तडितरक्षक म्हणतात, इलेक्ट्रिशियन लायटनिंग अरेस्टर म्हणतो, आणि आपली मुलं अँटेना म्हणतात. पंचवीस वर्षांच्या आढाव्यात लिफ्ट येईल, बोअरवेल येईल, गणेशोत्सव तर येईलच. या सळईबद्दल कुणी लिहील असं वाटलं नाही, म्हणून तिच्या जनकाबद्दल चार शब्द.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टनचा. अमेरिका तेव्हा देश नव्हता, इंग्रजांच्या वसाहती होत्या. वडील साबण आणि मेणबत्त्या करून विकायचे. दोन लग्नांची मिळून सतरा मुलं, त्यात हा पंधरावा आणि मुलग्यांत धाकटा. शाळा जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि चरबी उकळायच्या कढईपाशी उभं राहावं लागलं. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. भाऊ मारायचा. सोळाव्या वर्षी या पोरानं एका विधवा बाईच्या नावानं लेख लिहिले आणि ते रात्री गुपचूप छापखान्याच्या दाराखालून सरकवले. भावानं ते खुशीत छापले. लिहिणारा कोण हे कळल्यावर मात्र त्याला ते आवडलं नाही. सतराव्या वर्षी फ्रँकलिन पळून फिलाडेल्फियाला गेला. पुढे लंडनची एक फेरी, मग परत, आणि १७२८ मध्ये भागीदारीत स्वतःचा छापखाना. वर्तमानपत्र काढलं, पंचांग काढलं. ते पंचांग वसाहतींत घरोघर गेलं आणि त्यावर त्यानं चांगला पैसा मिळवला.

इथपर्यंतची गोष्ट गरिबाघरचा मुलगा मोठा झाला या थाटाची आहे, ती पुष्कळांची असते. मला तो माणूस जवळचा वाटतो तो दुसऱ्या कारणानं. या गृहस्थाला वर्गणी काढायचं वेडच होतं म्हणा ना. एकट्याला परवडत नाही ते दहाजणांनी मिळून करायचं, ही त्याची कायमची रीत. पुस्तकं महाग होती, तर १७३१ मध्ये पन्नास सभासद जमवले, प्रत्येकी चाळीस शिलिंग प्रवेशाचे आणि पुढे वर्षाला दहा शिलिंग, आणि वर्गणीवर चालणारं वाचनालय सुरू केलं. बाजारापाशी रस्त्यावर धूळ आणि चिखल व्हायचा. त्यानं एक गरीब, कामसू माणूस शोधला, जो दर घरामागे महिना सहा पेन्स घेऊन आठवड्यातून दोनदा फरसबंदी झाडायला तयार होता. मग झाडलोटीमुळे काय काय फायदे होतील, घरात चिखल कमी येईल, दुकानात गिऱ्हाईक जास्त येईल, मालावर धूळ बसणार नाही, असं सगळं एका कागदावर छापून घरोघर वाटलं. दोन-एक दिवसांनी स्वतः फिरून सह्या घेतल्या. सगळ्यांनी सह्या केल्या. आपल्या कमिटीवर काम केलेल्या माणसाला यातला खरा चमत्कार कुठला ते लगेच कळेल.

१७३६ साल त्याला फार वाईट गेलं. फ्रान्सिस नावाचा चार वर्षांचा मुलगा देवीच्या रोगानं गेला. टोचणी करून घ्यायची राहिली होती. ही हळहळ त्याला जन्मभर पुरली, आणि इतर आईबापांनी तरी असं करू नये म्हणून त्यानं ती आत्मचरित्रात उघडपणे लिहून ठेवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यानं आग विझवणाऱ्या शेजाऱ्यांची एक मंडळी उभी केली. सभासद तीस. प्रत्येकानं आपापल्या घरी कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढायला जाड कापडाच्या पिशव्या तयार ठेवायच्या, आग लागली की धावायचं, आणि महिन्याला एकदा बैठकीला यायचं. न आल्यास दंड. त्या दंडाच्या पैशातून शिड्या आणि पाण्याचे पंप घेतले गेले. (आपल्या वार्षिक सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास तहकूब करावी लागते, तेव्हा मला हा नियम हटकून आठवतो.) पुढे १७५२ मध्ये फिलाडेल्फियाच्या घरमालकांनी मिळून आगीच्या विम्याची परस्पर संस्था काढली, तिच्यातही तो पुढे होता. त्या संस्थेची खूण म्हणजे एकमेकांची मनगटं धरलेले चार हात. ती खूण विमा उतरवलेल्या घरांच्या भिंतींवर लावत. संस्था आजही चालू आहे.

लाकडी घरं, उघडी चूल, धान्याची कोठारं. अशा गावाला आगीची भीती किती असेल याची कल्पना करा. आणि त्या भीतीतलं सर्वांत मोठं संकट म्हणजे वीज, कारण तिच्यापुढे बादली घेऊन धावण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असं म्हणतात. युरोपात चर्चच्या घंटेच्या आवाजानं वीज पांगते असं मानत. वादळ आलं की माणूस मनोऱ्यावर धाडायचा आणि घंटा वाजवायची. गावातली सर्वांत उंच जागा, धातूची घंटा आणि हातात ओला दोर. कित्येक घंटा वाजवणारे त्यात मेले, तरी घंटा चालूच.

बेचाळिसाव्या वर्षी, १७४८ मध्ये, फ्रँकलिननं छापखाना भागीदाराच्या हाती सोपवला आणि धंद्यातून अंग काढून घेतलं. विजेचं वेड त्याआधी दोन-तीन वर्षं लागलं होतं. लंडनचे कापडाचे व्यापारी पीटर कॉलिन्सन यांनी वाचनालयाला काचेची एक नळी पाठवली होती, ती घासली की तिच्यात वीज साठायची. घर माणसांनी भरून जाऊ लागलं. तेव्हा त्यानं तशा आणखी नळ्या करवून मित्रांना वाटल्या, म्हणजे गर्दीही वाटली जाईल. आज आपण धन आणि ऋण भार म्हणतो, ते धन-ऋण त्याचंच. बॅटरी हा शब्द विजेच्या बाबतीत वापरात आणला तोही त्यानंच.

हा खेळ जिवावर बेतणारा होता. डिसेंबर १७५० मध्ये विजेच्या धक्क्यानं टर्की मारून दाखवायचा बेत होता. दोन मोठ्या बरण्यांत वीज भरून ठेवली होती. भोवती मंडळी गप्पा मारत होती, याचं लक्ष उडालं, आणि एक हात वरच्या तारांना तर दुसरा साखळीला लागला. पिस्तुलासारखा आवाज झाला म्हणे, त्याला स्वतःला तो ऐकूसुद्धा आला नाही. अंग डोक्यापासून पायापर्यंत थरथरलं, हात बधिर झाले आणि छाती काही दिवस दुखत राहिली. टर्की बचावली.

सळईचा जन्म मात्र ज्या प्रयोगात झाला तो फार साधा आहे आणि घरीदारी पतंगाइतका प्रसिद्ध नाही. काचेच्या बाटलीच्या तोंडावर लोखंडी गोळा ठेवून त्याला विजेचा भार दिला. शेजारी रेशमी धाग्यावर बुचाची गोळी टांगली. भार असेपर्यंत ती गोळी गोळ्यापासून लांब ढकललेली राहते. आता दाभणासारखं टोक सहा-आठ इंचांवर आणलं की भार गुपचूप निघून जातो आणि बुचाची गोळी परत गोळ्याला येऊन टेकते. बोथट वस्तू आणली तर ती इंचभर जवळ न्यावी लागते, आणि तेव्हा ठिणगी पडते. टोकाचा गुण एवढ्यानं कळला. पण फ्रँकलिन पुढे गेला. त्यानं दाभणाचं पातं लाकडी मुठीतून काढून लाखेच्या कांडीत बसवलं. लाखेतून वीज जात नाही. आता टोक कितीही जवळ आणा, काही होत नाही! मग लाखेवरून एक बोट हळूच पुढे सरकवत पात्याला लावलं, आणि बुचाची गोळी झटकन गोळ्यावर गेली. म्हणजे नुसतं टोक कामाचं नाही. टोकापासून माणसाच्या हातातून, अंगातून, पायाखालच्या जमिनीपर्यंत वाट मोकळी असली पाहिजे. अर्थिंग अर्थिंग म्हणतात ते हेच. या एका बोटात आपल्या गच्चीपासून आवारातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत गेलेली अख्खी तांब्याची पट्टी आहे.

ढगात तीच वीज आहे का, हे पाहण्यासाठी उंच जागी टोकदार लोखंडी सळई उभी करून तिच्यातून ठिणगी काढून बघावी, असं त्यानं १७५० मध्ये लिहून लंडनला पाठवलं. त्याचं लिखाण १७५१ मध्ये पुस्तकरूपानं निघालं आणि फ्रेंचमध्ये गेलं. फ्रेंचांनी वाट पाहिली नाही. १० मे १७५२ रोजी पॅरिसजवळच्या मार्ली गावी दालिबार या गृहस्थांनी उभारलेल्या चाळीस फुटी सळईतून ठिणग्या निघाल्या. सळईखालच्या चौरंगाला दारूच्या बाटल्यांचे पाय केले होते. दालिबार स्वतः त्या दिवशी पॅरिसमध्ये होते. ठिणगी काढली ती त्यांनी राखणीला ठेवलेल्या कोइफिए नावाच्या निवृत्त घोडेस्वारानं, आणि मग गावचे धर्मगुरू गारांच्या पावसात धावत आले. ही बातमी समुद्रापार पोचायच्या आतच, जून महिन्यात, फ्रँकलिननं फिलाडेल्फियात पतंग उडवला.

पतंगाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पण चुकीची ठाऊक. त्या पतंगावर वीज पडली नव्हती. पडली असती तर पुढचं काही लिहायला तो उरला नसता. रेशमी रुमालाचा पतंग, वर टोकदार तार, खाली तागाची दोरी, दोरीच्या शेवटी किल्ली आणि हातात धरायला रेशमाची फीत. ती फीत कोरडी राहावी म्हणून तो छपराखाली उभा होता. सोबत फक्त विल्यम, त्याचा एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा. लोक हसतील म्हणून बाकी कुणाला सांगितलंच नव्हतं. ढग वरून जाताना ओल्या दोरीचे तंतू ताठ उभे राहिले, बोटाचं पेर किल्लीजवळ नेलं आणि ठिणगी उडाली. एवढंच. आपल्या मुलांनी हे गच्चीवर करून बघू नये. एक तर आपल्या गच्चीला कुलूप असतं, आणि दुसरं पुढच्या वर्षी घडलं त्यावरून कळेल.

६ ऑगस्ट १७५३ला रशियात सेंट पीटर्सबर्ग इथे गेओर्ग रिखमान नावाचे प्राध्यापक वादळ येताना पाहून घाईघाईनं घरी आले. त्यांनी छपरावर सळई उभारून तिची तार घरात उपकरणापर्यंत आणली होती, वीज मोजायला. मोजायचीच असल्यामुळे ती तार जमिनीला जोडलेली नव्हती. ते उपकरणावर वाकले, तारेतून निळसर गोळा त्यांच्या कपाळाकडे झेपावला आणि ते जागीच गेले. बरोबरचा खोदकाम करणारा कलाकार बेशुद्ध पडला. एक बूट फाटला, दाराची चौकट उखडली. छपरावर टोक होतं, तार होती, खाली जमीन नव्हती. विजेनं माणसातून वाट काढली.

त्याच वर्षीच्या पंचांगात फ्रँकलिननं घर सुरक्षित करायची कृती छापली होती. खिळेवाले वापरतात तशी लोखंडी सळई घ्या. एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट, दुसरं घराच्या सर्वांत उंच भागावर सहा-आठ फूट. वरच्या टोकाला फूटभर पितळी तार, विणकामाच्या सुईएवढी, टोकदार. घर लांबोळकं असेल तर दोन्ही बाजूंना एकेक सळई आणि आढ्यावरून दोन्हींना जोडणारी तार. सोनार-लोहाराला कळेल अशा भाषेत, फुकट. पेटंट घेतलं नाही. आधी त्याच्या शेगडीसाठी पेन्सिल्वेनियाच्या गव्हर्नरनं पेटंट देऊ केलं होतं, तेव्हाही त्यानं नकार दिला होता. दुसऱ्यांनी लावलेल्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपला शोध दुसऱ्यांना द्यायला आनंद वाटावा, असं त्याचं मत होतं.

स्वतःच्या घरावर त्यानं सळई लावली ती मात्र संशोधकाच्या हौसेनं. जिन्यापाशी ती तोडून मध्ये काही इंचांचं अंतर ठेवलं आणि तिथे दोन घंटा टांगल्या. ढग आले की घंटा आपोआप वाजायच्या. तो लंडनला गेल्यावर बायको डेबोरा घरी एकटी, आणि रात्री-अपरात्री त्या घंटा! तिनं घाबरून पत्र लिहिलं. यानं उत्तर पाठवलं, की दोन्ही घंटांना जोडणारी एक तार लावून टाक, म्हणजे वीज बिनआवाजाची निघून जाईल. उपाय बरोबर होता. पण ही तार जायच्या आधीच लावून द्यायला काय झालं होतं, असं आमच्या घरातल्या मंडळींचं म्हणणं आहे.

लोकांचा विरोध झाला नाही असं नाही. १७५५ मध्ये बॉस्टनला मोठा भूकंप झाला. तिथल्या एका धर्मोपदेशकानं मत मांडलं, की या सळयांनी आभाळातली वीज जमिनीत भरली आणि म्हणून जमीन हादरली. हार्वर्डच्या विन्थ्रॉप यांनी त्याला शास्त्रीय उत्तर दिलं. फ्रान्समध्ये सेंतोमेर गावी १७८० मध्ये एका वकिलानं घरावर सळई बसवली, तर शेजाऱ्यांनी तक्रार केली की यामुळे वीज आमच्या घरांवर ओढली जाईल. ती काढून टाकायचा हुकूम झाला. प्रकरण वरच्या कोर्टात गेलं आणि १७८३ मध्ये सळईच्या बाजूनं निकाल लागला. बाजू मांडणारा पंचवीस वर्षांचा वकील होता रोबेस्पिएर, तोच, पुढे फ्रेंच राज्यक्रांतीत गाजलेला. त्यानं आपल्या युक्तिवादाची छापील प्रत फ्रँकलिनला पाठवली.

खरं शिक्षण मिळालं ते वीज प्रत्यक्ष पडलेल्या घरांवरून. १७६० मध्ये फिलाडेल्फियात वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावरच्या सळईवर वीज पडली. वरची पितळी तार थोडी वितळली, घराला ओरखडा नाही. पण पाहणाऱ्यांना सळईच्या पायथ्याशी फरसबंदीवर दोन-तीन यार्डांपर्यंत उजेड पसरलेला दिसला. म्हणजे वीज खाली आली, पण जमिनीत नीट शिरली नाही. साउथ कॅरोलिनात एका घराची सळई आणि जमीन यांना जोडणारी तार फारच बारीक होती. ती जळून गेली, आणि वीज भिंत फोडून आतल्या बाजूला टेकवून ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत घुसली. फ्रँकलिननं या हकिगती मागवल्या, वाचल्या आणि आपली कृती सुधारली. १७६७च्या त्याच्या टिपणात खालचं टोक ओल्या थरापर्यंत न्यावं, जमिनीखाली भिंतीपासून सहा-आठ फूट आडवं वळवावं आणि मग पुन्हा तीन-चार फूट खाली उतरवावं, असं आहे, म्हणजे पायाचे दगड हलणार नाहीत. टोकदार बरं की बोथट यावर लंडनमध्ये पुढे राजकारणासारखं भांडण पेटलं, आणि अमेरिकेशी युद्ध चालू असल्यामुळे राजानं आपल्या इमारतींवर मुद्दाम बोथट टोकं बसवली असं सांगतात. फ्रँकलिन त्या वादात पडला नाही. टोक ढगातली वीज हळूहळू काढून घेतं, ही त्याची कल्पना आज मानत नाहीत. सळईचं काम म्हणजे पडलेल्या विजेला सोपी वाट देणं. ती वाट कशी असावी हे मात्र त्यानं जे सांगितलं ते अजून चालतं.

आता आपल्या आवाराकडे येतो, कारण विषय तोच आहे. आपल्या इमारतीची वरची सळई शाबूत आहे. खालचं बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी तांब्याच्या पट्टीचा एक तुकडा आड येतो म्हणून कापला आणि परत जोडला नाही. आवारात पेव्हर ब्लॉक बसले तेव्हा अर्थिंगच्या दोन खड्ड्यांपैकी एकाचं झाकण खाली गेलं, तिथे आता दुचाक्या लागतात. दुसऱ्या खड्ड्यात कित्येक उन्हाळ्यांत कुणी पाणी घातलेलं नाही. यंदा मीटर लावून मोजणी झाली. दहा ओहमच्या आत असावं असं सांगतात, आपला आकडा त्याच्या कितीतरी वर आहे. दुरुस्तीचा विषय सभेत आला, तेव्हा पंचवीस वर्षांत पडली का एकदा तरी वीज, असं विचारलं गेलं. पडलेली नाही. पण आजूबाजूला तेव्हा आपल्याहून उंच चिंचा होत्या, त्या आता नाहीत, आणि वळवाच्या नि परतीच्या पावसात आपली टाकीच सगळ्यांत उंच असते. वर टोक, मध्ये तुटलेली पट्टी आणि खाली कोरडी माती, ही रिखमानच्या खोलीची रचना आहे. सळई नसती तर एक वेळ बरं, इतकं मी म्हणेन. पट्टी जोडणं, झाकण उघडं करणं आणि नवा खड्डा खणणं याला येणारा खर्च प्रत्येक फ्लॅटमागे वाटला तर रौप्यमहोत्सवाच्या जेवणाच्या वर्गणीहून कमीच भरेल.

एक गैरसमजही इथेच काढतो. ही सळई इमारत आणि माणसं वाचवते, टीव्ही आणि राउटर नव्हे. वीज जवळपास पडली तरी तारांतून जो लोंढा येतो त्यासाठी मीटर रूममध्ये वेगळं सर्ज प्रोटेक्शनचं उपकरण लागतं. घरातल्या तीन पिनी प्लगची हिरवी तार हे आणखी निराळं काम आहे. गीझर किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला आपल्या अंगातून न जाता जमिनीत जायची वाट. फ्रँकलिनच्या काळी घरात वीज नव्हतीच, पण बोट लाखेवरून पात्यापर्यंत नेलं तेव्हा त्यानं पाहिलं ते हेच.

पुढचं आयुष्य राजकारणात गेलं आणि ते इतिहासाच्या पुस्तकांत भरपूर आहे. लंडनमध्ये वसाहतींचा वकील म्हणून मिळून पंधरा-सोळा वर्षं काढली, १७७४ मध्ये तिथेच भर सभेत अपमान सोसला, १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली, सत्तरीत फ्रान्सला जाऊन मदत मिळवली, १७८३चा तह केला आणि १७८७ मध्ये राज्यघटनेच्या सभेत बसला. फ्रान्समध्ये त्याला एवढा मान मिळाला त्यात विजेचा वाटा मोठा होता. राजे-रजवाड्यांना त्याच्या वसाहती नकाशावर शोधाव्या लागत, सळई सगळ्यांना ठाऊक होती.

घरची बाजू एवढी उजळ नाही. डेबोरा १७७४ मध्ये गेली तेव्हा नवरा-बायकोची दहा वर्षं भेट नव्हती. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि युद्धात इंग्रजांच्या बाजूनं राहिला. बाप-लेकाचं तुटलं ते पुन्हा जुळलं नाही. फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते, त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. म्हातारपणी तो गुलामगिरी बंद करू पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये त्याच्या सहीनं संसदेकडे तसा अर्ज गेला. उशिरा का होईना, गेला. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत, १७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी तो फिलाडेल्फियात वारला.

एक गोष्ट सांगायची राहिली. १७८५ मध्ये फ्रान्सहून कायमचा परतल्यावर त्याला कळलं, की त्याच्या घरावर एकदा वीज पडली होती. आवाज एवढा झाला की घर पेटलं असेल म्हणून शेजारी मदतीला धावत आत आले. काही झालं नव्हतं, घरची माणसं तेवढी घाबरली होती. नंतर घर वाढवायला काढलं तेव्हा सळई उतरवावी लागली. म्हातारबुवांनी ती हातात घेऊन पाहिली. वरचं तांब्याचं टोक मुळात नऊ इंच लांब आणि तिसरा हिस्सा इंच जाड, ते जवळजवळ सगळं वितळून गेलेलं. एका इटालियन विद्वानाला १७८७ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यानं हे कळवलं आहे. इतक्या वर्षांनी हा शोध शोध लावणाऱ्याच्याही उपयोगी पडला, असंही लिहिलं आहे. आणि तपासणीत दिसलेली आणखी एक बाब त्यानं न विसरता नोंदवली, की ते टोक आणि खालची लोखंडी सळई यांच्यामधला सांधा अगदीच कच्चा होता.